पिक्चर समजला का

आमच्या घरच्या माणसाचं नाव मी घेत नाही. लग्नाले अठ्ठेचाळीस वर्षं झाली, तेव्हा घेतलं नाही, आता कायले घेऊ. बडनेऱ्यात त्याइले सारे नत्थुजी म्हणतात, नत्थुजी पॉइंटमन. स्टेशनावर बत्तीस वर्षं नोकरी केली. कोणती गाडी कोणत्या लाईनीवर घ्याची, हे त्याइचं काम. रिटायर होऊन आता बारा वर्षं झाली. मले गल्लीत पार्वताबाई म्हणतात, पण घरात हे मले कुलदीपची माय म्हणतात. कुलदीप आमचा एकुलता एक पोरगा, अकोल्याले असते, बायको सीमासंग. त्याइची पोरगी आकांक्षा अमरावतीच्या कॉलेजात शिकते म्हणून आमच्याजवळ राहते. एवढंच आमचं घर.

ह्याइले एकच शौक, पिक्चरचा. तोही काही येड्यासारखा नाही. नटाचे फोटो भिंतीवर लावले नाहीत, गाणे म्हणत फिरले नाहीत. सुट्टी आली का अमरावतीले जायचं, दुपारचा शो पाह्याचा, एक चहा घ्यायचा अन् वापस यायचं. खरी मजा मंग राहे. घरी आले का पाय धुवायचे, ओट्यावर बसायचे अन् म्हणायचे, "कुलदीपची माय, ऐक." मी सूप घेऊन डाळ निवडत बसायची अन् हे मले पिक्चर सांगायचे. पहिल्या पाटीपासून, नावं येतात तिथून सांगायचे. हिरोच्या मायचं लुगडं कोणत्या रंगाचं, व्हिलन हसते कसा, घोडे पळतात ते मांडीवर दोन्ही हात आपटून दाखवायचे. माझं काम एवढंच, मधात मधात "मंग?" म्हणायचं.

मी संग कधी जात नव्हती. पहिले सासू होती, मंग कुलदीप लहान होता, अन् मंग सवयच राह्यली नाही. आयुष्यात मी चार पिक्चर पाह्यले असन, पण चारशे ऐकले. अन् खरं सांगू, ऐकलेलेच चांगले होते. एकदा ह्याइनं सांगितलेला पिक्चर वर्षभरानं टीव्हीवर लागला. मी कामधाम सोडून पाह्यला अन् मले असा राग आला का काय सांगू. त्यात अर्ध्या गोष्टी नव्हत्याच. व्हिलन शेवटी हिरोच्या मायची माफी मागते, तिच्या पायावर डोकं ठेवते, तेव्हा मी ओट्यावर पदर डोळ्याले लावला होता. टीव्हीवर त्याले पोलीस पकडून नेतात अन् पिक्चर संपते. मी ह्याइले विचारलं, ते माफीचं काय झालं. तं म्हणे, "तिथं पाह्यजे होती ना ते. त्याइनं नाही टाकली तं मी काय करू."

पिक्चर सांगून झाला का मंग हे आपलं मत सांगत. मत मोठं कडक राहे. व्हिलनले वाईट होण्यासाठी काही कारण पाह्यजे, उगाच कोणी कोणाचं घर जाळत नाही. हिरोइन कोणाची पोरगी आहे, काय खाते, कुठं राहते हे सांगा लागते, ते काही आभाळातून पडली नाही. अन् पिक्चर जिथून निघाला तिथून कुठं तरी पोचला पाह्यजे. "गाडी कोणत्याही लाईनीनं नेवो," म्हणत, "पण स्टेशन आलं पाह्यजे." एवढं जमलं का पिक्चर पास.

हे सगळं बिघडलं दोन वर्षांमांगं. जुन्या टॉकीज एकेक करून बंद पडल्या. आता मॉलमधी जा लागते, वर सरकता जिना आहे, अन् आतमधी एका रांगेत चार हॉल. ह्याइले तिथं जायची आदत लागली, पण पिक्चर मात्र भलतेच यायले लागले. पहिला असा पिक्चर सांगितला तो दाढीवाल्याचा. दाढी आता सगळ्या हिरोइले आहे, म्हणे. हा खदानीत दगड फोडते.

"त्याले कोणी टोचून बोललं का तो हळूहळू चालते," हे सांगून राह्यले.

"हळूहळू काहून?"

"रागात आहे ना."

"रागात माणूस लवकर चालते," मी म्हटलं.

"तेच तं मीही म्हणून राह्यलो. पण तो हळू चालते, मांगून ढोल वाजतात, अन् जे मारा लागते ते मंग मारते. दीडशे माणसं मारले असन त्यानं. मी मोजून पाह्यले, मंग सोडून देलं."

"दीडशे माणसं आले कुठून? अन् त्याइच्या घरचे काही बोलले नाहीत?"

"कोणी नाही बोललं."

"मंग?"

"मंग काही नाही. तो जहाजावर चढला, म्हणे मी तुमाले वाटते तो नाहीच, अन् पाटी आली. दुसरा भाग पुढच्या दिवाळीले."

माझ्या हातातलं सूप तसंच राह्यलं. तीन तास बसवून घेतलं अन् शेवट दिवाळीले? हे म्हणे, मी बसूनच होतो, मले वाटलं काही पुढं असन. मंग झाडू मारणारी बाई आली अन् म्हणे, काका उठा आता, संपला. असं पहिल्यांदाच झालं का पिक्चर पाहून आल्यावर ह्याइनं मत सांगितलं नाही.

त्याच्या पुढचा तं आणखीच भारी. त्यात हिरो पहिल्याच मिनिटाले मरते. मंग पाटी येते, पाच वर्षांआधी. मंग लगन, मंग पाटी येते, तीन महिन्यांनंतर, मंग लेकरू, मंग आणखी एक पाटी, अन् तो परत मरते. "मी पाट्या वाचू का पिक्चर पाहू," हे म्हणे. शेवटी समजलं का तो मेलाच नव्हता, त्याचा भाऊ मेला, अन् भाऊच व्हिलन होता. तेवढ्यात एक तिसराच माणूस हेलिकॉप्टरमधून उतरला अन् सगळे पोट्टे शिट्ट्या मारायले लागले.

"तो कोण?" मी विचारलं.

"तो दुसऱ्या पिक्चरमधला आहे म्हणे."

"मंग इथं कायले आला?"

"आपल्या घरी जेवणाच्या टायमाले शेजारचा येऊन बसते का नाही, तसा आला असन."

मी हसली, पण हे हसले नाहीत. मंग म्हणे, "कुलदीपची माय, माणूस मेला का जिवंत आहे एवढं तं समजलं पाह्यजे. मले तेवढंही समजलं नाही." आवाज असा होता का मले कसंतरीच झालं. मी म्हटलं, सोडा तुमी, पिक्चरच भिकार असन. पण त्या दिवसापासून माझ्या मनात एक किडा शिरला, अन् तो काही केल्या निघे ना.

कारण दुसऱ्या गोष्टीही होत्या. चष्मा पिठाच्या डब्यात सापडला. मी म्हटलं, चष्मा मीही इसरते. आकांक्षाले दोनदा जमुना म्हणून हाक मारली. जमुना म्हणजे ह्याइची बहीण, दहा वर्षांमांगं वारली. मी म्हटलं, पोरीचा चेहरा बापाच्या आत्यासारखाच आहे, होते असं. बाजारातून सांभार-कोथिंबीर आणायले गेले अन् रिकामी पिशवी घेऊन आले. मी म्हटलं, उन्हाचं होते. अशी मी एकेक गोष्ट झाकून ठेवत होती. कोणी काही म्हटलं नव्हतं, पण मी मनातल्या मनात सगळ्याइले उत्तरं देत होती.

मंग तो रविवार आला. कुलदीप अन् सीमा अकोल्याहून आले होते. हे दुपारचा शो पाहून आले, पाय धुतले, अन् कितीक दिवसांनी स्वतःहून म्हणे, "ऐक, कुलदीपची माय, आज पिक्चर गजबचा होता." मले असा आनंद झाला. सगळे ओट्यावर बसलो. मी सूपही घेतलं नाही, नुसतीच बसली.

"एक मोठा बंगला आहे," हे सांगायले लागले. "त्यात नवरी येते. नवरीच्या अंगात भूत आहे, पण ते भूत मोठं गमतीचं, भांडे घासून ठेवते. सासूले वाटते सून कामाची आहे. तेवढ्यात दाढीवाला येते, त्याले समजते का हे भूत आहे. तो म्हणते, आज संध्याकाळी मी ह्या भुताले पकडतो. अन् इंटरवल."

"मंग?" मी म्हटलं.

"मंग दाढीवाला पाणबुडीत आहे."

कुलदीपनं माझ्याकडं पाह्यलं. मी पाह्यलं नाही.

"पाणबुडीत कायले?" मी विचारलं.

"देशाचं काही गुपित आहे, ते समुद्रात बुडालं. तो ते आणायले जाते. खूप मारामारी होते. शेवटी एक बाई त्याले म्हणते, मीच तुझी बायको, मले आठवण राह्यली नव्हती. मी म्हटलं, हे तेच नवरी असन, भुतामुळं इसरली असन."

"अन् बंगला? सासू?"

"ते इंटरवलमधीच राह्यलं," हे म्हणे. "मले वाटलं होतं शेवटी येईन. नाही आलं. पण नवे पिक्चर असेच असतात ना."

सीमा उठून स्वयंपाकघरात गेली, मीही गेली. ती हळूच म्हणे, "आई, रागावू नका. बाबांचं मला काही ठीक वाटत नाही. डॉक्टरांना एकदा दाखवलं पाहिजे."

मी तिले सोडलं नाही. मी म्हटलं, तुमच्या त्या पिक्चरवाल्याइले दाखवा डॉक्टरले, माझ्या माणसाले काही झालं नाही. बत्तीस वर्षांत एक गाडी चुकवली नाही त्या माणसानं. डोकं बिघडलं असतं तं बडनेऱ्यात गाड्याइचा ढीग लागला असता. मी हे मोठ्यानं बोलली, ह्याइले ऐकू गेलं असन, अन् मले त्याची आजही लाज वाटते. सीमा काही वाईट नाही. ती चांगलं सांगून राह्यली होती, म्हणूनच मले राग आला.

उलगडा केला आकांक्षानं. तिनं आबाच्या शर्टाच्या खिशातून तिकीट काढलं, मोबाइलमधी काही पाह्यलं अन् असं हसायले लागली का तिले बोलताच ये ना. म्हणे, आजी, भुताचा पिक्चर दोन नंबरच्या हॉलमधी होता अन् पाणबुडीचा तीन नंबरच्या. आबा इंटरवलमधी लघवीले गेले अन् वापस येताना शेजारच्या हॉलमधी शिरले. दाढीवाला दोन्हीत एकच, म्हणून आबाले वाटलं तोच पिक्चर आहे.

बाप्पा, आमी किती हसलो. कुलदीपच्या डोळ्यात पाणी आलं. हेही हसले, म्हणे, "आपल्या टॉकीजमधी बाहेर निघा का उजव्या हाताले दार, एकच दार. मी उजव्या हाताले गेलो." म्हणजे सवय. बस, सवयीनं गेलेला माणूस, त्यात काय मोठं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी सीमाकडं अशी पाह्यली, जशी मी केस जिंकली. सीमाही हसली, पण भांडे आवरताना म्हणे, "पण आई, अर्धा पिक्चर दुसराच पाहिला, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही?"

मी म्हटलं, पिक्चरच असे आहेत का कोणाले कळत नाही. तिनं पुढचं भांडं उचललं, पण तिचा सवाल माझ्याजवळच राह्यला. आठ दिवस मी हाच विचार केला. पिक्चर येडे झाले का आमचा माणूस? एखाद्या दिवशी मले वाटे, पिक्चर. दुसऱ्या दिवशी हे नळ चालू ठेवून बाहेर बसलेले दिसत, अन् मंग वाटे, नाही.

शेवटी बडनेऱ्यातल्याच आमच्या नेहमीच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. कुलदीपले सांगितलं, रक्तदाब तपासायले चाललो. डॉक्टरनं ह्याइले वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात कमी करायले लावले. ह्याइनं घडाघडा सांगितलं. पॉइंटमनले आकडे विचारून राह्यले, बाप्पा. घरात कोण कोण आहे, तेही सांगितलं. मंग मी पिक्चरची गोष्ट काढली. डॉक्टर म्हणे, "दीडशे माणसं मारतो तो? तो मीही पाहिला, मावशी. मलाही काही समजला नाही. माझ्या मुलानं घरी आल्यावर चित्र काढून समजावून सांगितला."

मले वाटलं त्या डॉक्टरच्या पाया पडावं. पण निघताना तो मले एकटीले थांबवून म्हणे, "तरीही अकोल्यात मेंदूच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. अशा गोष्टी कधी कधी वरून कळत नाहीत. लवकर दाखवलेलं बरं." चिठ्ठी लिहून देली. मी चिठ्ठी पोलक्यात ठेवली अन् घरी येऊन देवाच्या फोटोमांगं खोचली. कुलदीपनं फोनवर विचारलं तं म्हटलं, सगळं ठीक आहे. मोठ्या डॉक्टरकडं गेलं का तो मोठंच काही तरी सांगते, अन् एकदा सांगितलं का मंग ते खरंच होऊन बसते. मले त्या डॉक्टरच्या तोंडून ते ऐकायचं नव्हतं.

मंग मी ठरवलं का ह्याइच्यासंग पिक्चरले मीच जाते. आकांक्षाले म्हटलं, असा पिक्चर शोध ज्यात कोणी मरून जिवंत होत नाही, पाट्या येत नाहीत, दुसऱ्या पिक्चरमधला माणूस घुसत नाही, अन् जो एकाच भागात संपते. तो आबाले समजला तं तुझ्या मायले सांगते का आबा ठणठणीत आहेत. नाही समजला तं मुकाट्यानं अकोल्याले जाऊ. आकांक्षा दोन दिवस शोधत होती. मंग म्हणे, आजी, एक मराठी लागला आहे, बँडवाल्याचा. तीन दिवसांत निघून जाणार आहे, जायचं असन तं उद्याच जा.

ह्याइले सांगितलं तं म्हणे, "तू? पिक्चरले?" अन् असे खुश झाले का स्वतःच माझी चप्पल पुसून ठेवली. मी चांगलं पातळ नेसली. ऑटोनं अमरावतीले गेलो. सरकत्या जिन्यावर मी चढली नाही, मले भेव वाटलं, तं हेही माझ्यासंग पायऱ्याइनं चढले. हॉलमधी आमच्यासंग अकरा माणसं होते. इंटरवलमधी हे बाहेर गेले तं मी मांगोमाग गेली अन् दारात उभी राह्यली. बरोबर त्याच हॉलमधी घेऊन आली.

पिक्चर साधा होता. एक म्हातारा, क्लॅरनेट वाजवते, त्याची लग्नात वाजवायची बँड पार्टी. दोन पोरं. बाप थकते तं पोरं पार्टी वाटून घेतात, ढोल एकाकडं, मोठा बाजा दुसऱ्याकडं. एकमेकाचं तोंड पाहत नाहीत. बाप कोणाकडंच जात नाही, जुन्या दुकानातच राहते. शेवटी त्या पोराइच्या बहिणीच्या पोरीचं लगन राहते, अन् दोन्ही पार्ट्या एकाच मांडवात येतात. मले सगळं समजलं. रडूही आलं. पण खरं सांगू तं मी पिक्चर कमी पाह्यला अन् ह्याइले जास्त पाह्यलं. अंधारात हे हसले का मी पाहो, बरोबर जागी हसले का. डोळे पुसले का मी पाहो, बरोबर जागी पुसले का. सगळं बरोबर होतं.

बाहेर निघालो तं कडक ऊन होतं. मॉलच्या समोर रस्त्यापलीकडं एक रसवंती आहे, निंबाच्या झाडाखाली. तिथं बाकड्यावर बसलो, रस सांगितला. घरी जाईपर्यंत मले धीर नव्हता. मी म्हटलं, "सांगा मंग."

हे रसाचा गिलास खाली ठेवून सांगायले लागले. अन् काय सांगू, दोन वर्षांनी मले माझा माणूस दिसला. म्हाताऱ्याच्या दुकानाची फळी कशी, तिच्यावरचं नाव अर्धं पुसलेलं कसं, हे त्याइनं पाह्यलं होतं. दोन्ही हात मांडीवर आपटून ढोल वाजवला. मोठा पोरगा बापासारखा चालते अन् लहाना मायसारखा बोलते, हेही त्याइच्या ध्यानात आलं होतं, माझ्या तं आलंच नव्हतं. मी मुद्दाम मधात चुकीचं विचारलं. म्हटलं, ढोल लहान्याकडं गेला ना?

"नाही, मोठ्याकडं," हे लगेच म्हणे. "लहान्याकडं बाजा. ऐका तुमी, पुढं त्याचंच येते."

रसवंतीवाला अन् दोन गिऱ्हाइकं जवळ येऊन उभे होते, ऐकत. तुमी म्हटलं ते मले वाटलं त्याइले म्हटलं. हे मले जन्मात कधी तुमी म्हटले नाहीत.

शेवट तं असा सांगितला का रसवंतीवाल्यानं मशीन बंद केली. मांडवात दोन्ही पार्ट्या एकमेकांवर वाजवतात, कोणाचंच काही ऐकू येत नाही, नवरीची माय कानावर हात ठेवते. अन् तेवढ्यात मांगून म्हातारा येते, त्याच्या ढिल्या कोटात, अन् क्लॅरनेट फुकते. पहिले लहाना थांबते. मंग मोठा. मंग तोच मोठा पोरगा ढोल उचलते अन् बापाच्या ठेक्यावर वाजवते. एवढंच. कोणी कोणाची माफी मागत नाही. "अन् नाही मागत तेच बरं झालं," हे म्हणे, "वाजवलं ना संग, मंग कायची माफी." म्हणजे मतही सांगितलं. कितीक दिवसांनी मत सांगितलं. "गाडी स्टेशनावर आली बरोबर," म्हणे.

माझ्या डोळ्यात पाणी आलं. मी मनातल्या मनात सीमाले म्हटलं, ऐक, ऐक आता. देवाच्या फोटोमांगची चिठ्ठी काढून चुलीत घालते म्हटलं. एक चूक नाही, एक नाव इकडचं तिकडं नाही. पिक्चरच येडे होते, आमचा माणूस नाही. मले वाटलं उठून त्या रसवंतीवाल्याले सांगावं.

ह्याइनं रस संपवला, गिलास ठेवला, रुमालानं तोंड पुसलं. मंग उठून उभे राह्यले अन् माझ्याकडं पाहून हात जोडले, जसे परक्या बाईले जोडतात.

"बरं बाई, येतो मी," म्हणे. "घरी कुलदीपची माय वाट पाहून राह्यली असन. तिले पिक्चर सांगा लागते."

मले पहिले वाटलं गंमत करून राह्यले. मी तोंडाकडं पाह्यलं. गंमत नव्हती. मोठे खुशीत होते, घाईत होते, घरी जायची घाई. मी म्हटलं, "मलेही तिकडंच जायचं आहे, संगच जाऊ." तं म्हणे, "चाला, चाला, ऑटोत जागा असते." मले आधी बसू देलं. पदर चाकात येईन म्हणून सांभाळायले सांगितलं. रस्त्यात साईनगर लागते, तिथपर्यंत मले तुमी तुमी म्हणत होते, तुमचे यजमान काय करतात, विचारलं. मी म्हटलं, रेल्वेत होते. खुश झाले. म्हणे, मंग मी ओळखत असन त्याइले.

घर आलं, फाटक उघडलं, ओट्यावर चढले अन् मांगं वळून म्हणे, "कुलदीपची माय, पाणी दे पाय धुवाले." जसं काही झालंच नाही. मी पाणी देलं. पाय धुतले, बसले, अन् म्हणे, "ऐक, आज गजबचा पिक्चर होता. तू यायले पाह्यजे होती." मी सूप घेतलं, डाळ घेतली, सामोर बसली. ह्याइनं पहिल्या पाटीपासून सांगितलं, दुकानाची फळी, ढोल, कोट, सगळं. मी मधात मधात म्हटलं, मंग? अन् मंग काय झालं?

संध्याकाळी कुलदीपचा फोन आला. आमच्या पिक्चरच्या परीक्षेचं आकांक्षानं त्याले आधीच सांगून ठेवलं होतं.

"माय, बाबाले पिक्चर समजला का?"

"समजला," मी म्हटलं. "पुरा समजला. माझ्यापेक्षा जास्त समजला."

"मंग झालं तं. मी सीमाले सांगतो, बाबा ठीक आहेत."

मी म्हटलं, "तू अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरची वेळ घे. उद्याचीच घे."

"काहून? आता तं तू म्हणून राह्यली ना, समजला म्हणून."

मी देवाच्या फोटोमांगून चिठ्ठी ओढून काढली. मी म्हटलं, "घे बापा वेळ," अन् फोन ठेवला.